अकरा नंबर आजारी

१

गुरुवारी सकाळी साडेआठला उघड झालं की उनाइसी नाइवालूचे यंत्रावरचे दोन तास चोरीला गेले आहेत. आणि चोर म्हणून नाव लागलं तिचंच.

ग्वेंडा स्टोयानोव्स्की तेव्हा थंड यंत्राच्या खोलीत नुकतीच हजेरी आटोपून बसली होती. यंत्र म्हणजे क्वांटम संगणक, छताला टांगलेलं माणसाच्या उंचीचं पांढरं पिंप. त्याच्या तळाशी नखाएवढी चकती, आणि चकतीवर वीस क्यूबिट, म्हणजे हिशेब करणारे वीस नाजूक घटक. बाहेर ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलचा फेब्रुवारी अंगाची लाही करत होता, पण पिंपाच्या पोटात अंतराळापेक्षा जास्त गारठा होता. रोज सातला ग्वेंडा त्या विसांना एकेक करून विचारायची, शून्य म्हण. हजार वेळा विचारलं तर धडधाकट क्यूबिट दहा-पंधरा वेळा खोटं बोलतो. आजारी पडला की दोनशे वेळा. कोण किती खोटारडा ते ती पेन्सिलीनं कागदावर लिहायची, कागद बाहेरच्या दाराला टांगायची, आणि कालचा कागद लोखंडी कपाटात कुलूपबंद करायची. तीस वर्षं तिनं कत्तलखान्याची शीतगृहं सांभाळली होती. वरच्या मजल्यांवर पदव्यांचा सुकाळ होता. तिच्याकडे एक पान्या-पकडींची पेटी होती. तरी पिंप बिघडलं की सगळे पदवीवाले तिच्याच दाराशी येऊन उभे राहायचे.

आज दाराशी उनाइसी उभी होती. पिवळ्या पट्टीच्या बाहेर, कारण बाहेरच्या संशोधकांना आत यायची मनाई होती.

"आंटी, युनियनच्या प्रतिनिधी तुम्हीच ना?"

"मीच. आणि आंटी म्हणू नकोस, वय आठवतं."

"आमच्याकडे मोठ्यांना नुसतं नावानं हाक मारली तर आई पाठीत धपाटा घालते."

"मग म्हण. काय झालं ते सांग, आणि रडायचं असेल तर आधी रडून घे."

उनाइसी रडली नाही. तिनं हातातलं पत्र पुढे केलं.

ती फिजीतल्या सुव्हाच्या विद्यापीठातली. खाऱ्या वाऱ्यानं घरांचे पत्रे गंजतात, त्यावर उपाय म्हणून लोखंडाला घट्ट चिकटून बसणारा एक रेणू ती शोधत होती. संस्थेनं मोठा गाजावाजा करून 'पॅसिफिक जागा' काढली होती. बेटांवरून दर वर्षी एक संशोधक येणार, त्याला यंत्रावर चाळीस तास आणि मदतीला एक तज्ज्ञ मिळणार. पहिलीच उनाइसी. मंगळवारी दहा ते बारा तिचं काम चाललं, आणि रेणू लोखंडाला किती घट्ट धरतो त्याचा आकडा तिला मिळाला. पत्रात म्हटलं होतं की असं काम चाललंच नाही. यंत्राच्या नोंदवहीत एवढंच होतं:

मंगळवार, १०:०४. काम रद्द. क्यूबिट ११ आजारी. निकाल नाही.

म्हणजे तिनं आकडे घरी बसून बनवले. दुपारी तीनला समिती बसणार होती. आरोप टिकला तर यंत्र बंद, व्हिसा बंद, आणि त्याच फटक्यात पॅसिफिक जागाही बंद.

"युनियनची सभासद आहेस?"

"नाही."

"हा फॉर्म भर. मग भांडते मी."

उनाइसी फॉर्म भरू लागली. ग्वेंडानं कपाट उघडून मंगळवारचा कागद काढला. तिच्याच हातची पेन्सिल होती. दहा ठीक, अकरा आजारी, बारा ठीक.

नोंदवही खरं बोलत होती. मग ही पोरगी काय बोलत होती?

२

संचालक प्रोफेसर जॅनेल ओकहर्स्ट तिसऱ्या मजल्यावर बसायच्या. खिडकीतून समुद्रावर रांगेत ताटकळणारी कोळशाची जहाजं दिसायची.

"मी रविवारी कॅनबेराला गेले ती काल रात्री परतले," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी नोंदवही आणि अहवाल ताडून बघते. मला काय हौस आली होती का? ही जागा मीच मागून आणली, ग्वेंडा. माझंच नाक कापलं जातंय."

"नाक कुणाचं का असेना, गळा तिचा कापला जातोय. नोंदवहीत बदल कोण करू शकतं?"

"यंत्र आपोआप लिहितं."

"ते झालं. किल्ली कुणाकडे?"

जॅनेलबाईंनी बोटं मोजली. "तिघांकडे. मी, रोरी, आणि डुक."

"आणि उनाइसीकडे?"

"बाहेरच्यांना किल्ली देत नाही. तिचं काम रोरी पाठवतो, खाली तिचं नाव जोडून."

"वा! पाहुणीला जेवायला बोलवायचं, ताटाला हात लावू द्यायचा नाही, आणि वर विचारायचं, वाटी कुठे गेली?"

"तू वकील नाहीस, ग्वेंडा."

"म्हणून तर लोकांना माझं बोलणं कळतं."

डॉ. रोरी पेनहॅलिगन दुसऱ्या मजल्यावर. उनाइसीला दिलेला तज्ज्ञ हाच. खोलीत शिरताच त्यानं ग्वेंडापुढे लॅमिंग्टन केकचा डबा सरकवला. रोरी सगळ्यांनाच काही ना काही पुढे सरकवायचा.

"ग्वेन, बरं झालं तू आलीस. मी पूर्णपणे तिच्या बाजूनं आहे, हे लिहून घे."

"मग तिची बाजू सांग."

"बिचारी! चार महिने घरापासून दूर. सगळा देश डोळे लावून बसलाय. अशा वेळी माणूस घसरतं. मंगळवारी मी तिचं काम पाठवलं आणि मीटिंगला गेलो. यंत्रानं ते रद्द केलं हे मला फार उशिरा कळलं. तिला सांगायला हवं होतं. तेवढी चूक माझी."

"तेवढीच?"

"नोंदवहीवर विश्वास नसेल तर स्वतःवर तरी ठेव." तो हसला. "तुझ्याच कागदावर होतं की. मंगळवारी दूध घ्यायला खाली आलो तेव्हा दाराशी वाचलं मी. अकरा आजारी."

हे खरं होतं. तिच्या दाराजवळच चहाच्या दुधाचा छोटा फ्रीज होता, आणि दुधासाठी अख्खी इमारत तिथं वाऱ्या करायची.

"माझं ऐकशील?" रोरीनं आवाज उतरवला. "तीनला तमाशा नको. तिनं स्वतःहून माघार घ्यावी, घरी जावं. मी चांगलं शिफारसपत्र देईन. रेणू मी इथं शांतपणे पुढे तपासतो. काम वाया जायला नको, नाही का?"

ग्वेंडानं लॅमिंग्टन खाल्लं नाही. एवढं गोड रिकाम्या पोटी तिला सोसत नसे. जिना उतरताना तिला वाटलं, हा माणूस पोरीसाठी इतका हळहळतोय, मग एका वाक्यातही 'ती खोटं बोलणार नाही' असं का म्हणत नाही?

पण नुसत्या गोडपणावर कुणाला फासावर देता येत नाही. आणि किल्ली तिसऱ्याही माणसाकडे होती, ज्याला उनाइसी पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती.

३

डॉ. डुक लाय गोदीकडच्या बाकावर बसून पावात भरलेलं डुकराचं मांस खात होता. भोवती सीगल्सची टोळी टपून होती. नोंदवही लिहिणारा सगळा प्रोग्राम यानंच बांधलेला.

"मला माहितीय तू का आलीस," तो तोंडात घास असतानाच म्हणाला. "माझे चाळीस तास काढून तिला दिले. मी सगळ्या इमारतीत बोंब मारली. मग चोर मीच असणार."

"बोंब मारली एवढं तरी कबूल केलंस."

"परत मारीन. पाच वर्षं यंत्र सांभाळतोय मी. आणि फोटो कुणाचा छापतात? तिचा. केसात फूल खोचलेला. तिला तरी आवडला असेल का तो?"

"मंगळवारी तू कुठे होतास?"

"एकला यंत्रावर, तिच्या पाठोपाठच्या वेळेत. बघ, अजून भर तुझ्या संशयात."

"भरलाच आहे. तू पाहिलंस तेव्हा यंत्र कसं होतं?"

"तुझा कागद वाचला, आजाऱ्याला वगळलं, बाकीच्यांवर काम केलं." त्यानं पावाचा तुकडा सीगलकडे फेकला. "तू अजून एकापासूनच मोजतेस ना, खाटकाच्या दुकानासारखं?"

"खाटीक पहिल्या बोकडाला शून्यावा म्हणतो का रे?"

"एक आठवडा गेला होता माझा त्यापायी."

"आणि एक महिना बोलला नव्हतास माझ्याशी. फार सुखाचा गेला तो." ग्वेंडा उठली. "सरळ विचारते. ती ओळ तू लिहिलीस?"

डुक पहिल्यांदा खायचा थांबला. "कुठली ओळ? मला कुणी काही दाखवलेलं नाही. एवढंच ऐकलं की तिनं आकडे बनवले." मग जरा चिडून म्हणाला, "आणि मी खोटं लिहिलं ना, ग्वेंडा, तरी ते बरोबर लिहीन."

घमेंडखोर मेला. पण हे वाक्य तिच्या डोक्यात पायातल्या काट्यासारखं रुतून बसलं.

४

साडेबाराला उनाइसी जेवणाच्या खोलीत कोपऱ्यात बसली होती. समोर टिनातला मासा आणि उकडलेला कसाव्याचा कंद, दोन्हीला हात लावलेला नव्हता. आसपासची तीन टेबलं रिकामी होती. कालपर्यंत हेच लोक तिच्याशेजारी बसून फोटो काढून घेत होते. आरोपाला पुरावा लागतो, वाळीत टाकायला कुजबुज पुरते.

"आकडे कुठेयत?" ग्वेंडानं खुर्ची ओढली.

उनाइसीनं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. "काम संपल्या संपल्या छापून घेतले. सुव्हात वीज कधी जाईल नेम नाही, म्हणून सवय. डॉक्टर पेनहॅलिगन हसायचे मला."

"हे पहिलं पान कसलं?"

"ते कामातलं नाही. सुरुवातीला मी विसांनाही विचारते, शून्य म्हणा. कोण किती चुकतो ते बघून घेते. आमच्या प्रयोगशाळेत तराजू जुना होता. काही तोलायच्या आधी रिकामं पारडं बघायचं, असं आमच्या बाईंनी शिकवलं."

ग्वेंडाच्या मनात ती बाई एकदम उंच झाली. इथल्या एकाही तज्ज्ञाला हे सुचलं नव्हतं. ती घाईनं रकान्यावरून बोट फिरवू लागली. चौदा, अकरा, सतरा... आणि मग दोनशे बारा. हजारात दोनशे बारा खोटी. आजारी क्यूबिट!

पोरगी खरं बोलत होती. घरी बसून आकडे बनवणाऱ्याला मंगळवारी कुणी आजारी होता हे कळलंच कसं असतं? ग्वेंडानं त्या आकड्याशेजारचा नंबर वाचला आणि तिचं बोट जागीच थांबलं.

१०.

पुढच्या ओळीत, अकरा नंबरसमोर, तेरा. ठणठणीत.

ग्वेंडानं कागद खाली ठेवला. तिच्या मंगळवारच्या कागदावर अकरा आजारी. नोंदवहीत अकरा आजारी. हिच्या कागदावर दहा. कुठून तरी उडतउडत ऐकून हिनं रचलं असेल, आणि रचताना एका घरानं चुकली असेल.

"उनाइसी," ती म्हणाली, "माझ्यापासून काय लपवतेयस?"

उनाइसीनं मान खाली घातली. ती कसाव्याचा तुकडा काट्यानं कुस्करू लागली.

"सांगायचं नव्हतं. ते माझे शिक्षक आहेत. शिक्षकाचं उणं चारचौघांत काढू नये."

"कुणाचं?"

"मंगळवारी निकाल बघून डॉक्टर पेनहॅलिगन खूष झाले. म्हणाले, या यंत्रावरचा हा पहिला खरा उपयोगाचा निकाल. लेखावर पहिलं नाव त्यांचं टाकायचं, माझं दुसरं. बुधवारी सकाळी मी नाही म्हटलं. आभारात लिहीन म्हटलं." तिनं वर पाहिलं. "ते रागावले नाहीत, आंटी. बिस्किट दिलं मला."

ग्वेंडाला हेतू मिळाला होता. पण हेतू घेऊन काय करायचं, जेव्हा पोरीचा स्वतःचाच कागद तिला खोटी पाडत होता? आणि हा कागद तीनला टेबलावर येणारच होता.

५

तीनला दहा कमी असताना दोघी लिफ्टमध्ये शिरल्या. ग्वेंडा लिफ्टनं कधी जात नसे. आज गुडघ्यानं बंड केलं होतं.

"कितवा दाबू?" उनाइसीनं विचारलं.

"चौथा. संचालकांचा चौथा मजला."

"आंटी, चौथा नाहीच इथं. तीनच आहेत."

"कसे तीन? यंत्राची खोली, वरती ऑफिस, वरती रोरी, वरती बाई. मोज की. चार!"

"हो, पण यंत्राच्या खोलीचा मजला मोजत नाहीत. तो तळमजला. मोजणी त्याच्यावरून..."

उनाइसी बोलता बोलता थांबली, कारण ग्वेंडानं बटणांच्या पट्टीवर हाताचा पंजा टेकला होता आणि तिकडे भूत दिसल्यासारखी बघत होती. तीस वर्षं ज्या बाईनं पहिल्या बोकडाला पहिला म्हटलं, ती. आणि वरचे सगळे शहाणे, जे पहिल्याला शून्य म्हणतात, ते.

"त्या गठ्ठ्यातलं पहिलं पान काढ," ती म्हणाली. "सगळ्यात वरच्या क्यूबिटचा नंबर काय आहे?"

"शून्य," उनाइसी म्हणाली. "यंत्र शून्यापासूनच..."

लिफ्टचं दार बंद व्हायला गेलं, ग्वेंडानं पाय मध्ये घातला आणि जिन्यावर घुमेल अशी हाक मारली.

"डुक! असशील तिथून वर ये! तुझ्या बापाचं काम आहे!"

६

समितीत जॅनेलबाई आणि बाहेरचे दोन सभासद. रोरी तज्ज्ञ म्हणून बोलावलेला. चेहऱ्यावर मर्तिकाला आल्यासारखं दुःख. डुक दाराला टेकून उभा राहिला.

ग्वेंडानं टेबलावर तीन कागद ओळीनं ठेवले.

"रोरी, मंगळवारी आजारी कोण होता?"

"आपण बोललोय ना यावर. अकरा."

"कुणाचा अकरा?"

"म्हणजे?"

"माझा अकरा, की यंत्राचा?"

रोरीनं इकडे तिकडे पाहिलं. "अकरा म्हणजे अकरा. त्यात तुझंमाझं काय?"

दाराशी डुक इतक्या जोरात हसला की एका सभासदाचा पेला कलंडता कलंडता वाचला.

"सांग त्याला," ग्वेंडा म्हणाली. "तुझा आठवडा वाया गेला होता, व्याजासकट वसूल कर."

"ग्वेंडा एकापासून मोजते," डुक म्हणाला. "यंत्र शून्यापासून मोजतं. तिचा अकरा तो यंत्राचा दहा. खाली काम करणाऱ्याला हे ठेच खाऊन कळतं. जो फक्त दूध न्यायला खाली येतो त्याला कळत नाही."

"हा माझा कागद, अकरा आजारी," ग्वेंडानं पहिल्यावर बोट ठेवलं. "हे उनाइसीचं पान, यंत्रानं दिलेलं. दहा आजारी. दोन्ही एकच क्यूबिट. आणि ही नोंदवहीतली ओळ, जी म्हणे यंत्रानं लिहिली. क्यूबिट अकरा आजारी. यंत्राचा अकरा म्हणजे माझा बारा. बारा त्या दिवशी घोड्यासारखा होता."

"मी एकला त्याच्यावर काम केलंय," डुक म्हणाला. "वगळला होता तो दहा."

जॅनेलबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे ही ओळ..."

"यंत्राची नाही. माणसाची. माझ्या दारावरचा कागद वाचून लिहिलेली."

"थांबा, थांबा." रोरीचा आवाज अजून लोण्यासारखाच होता. "ओळ चुकीची असेल. पण तेवढ्यानं हिचा निकाल खरा ठरत नाही. हिनंही तो कागद वाचला असेल आणि त्यावरून आकडे बनवले असतील."

ग्वेंडा याच वाक्याची वाट बघत होती.

"वाचला असता तर तिनंही तुझ्यासारखं अकराच लिहिलं असतं! माझा अकरा म्हणजे दहा, हे तिला कुणी सांगितलं? लिफ्टमध्ये पाय ठेवेपर्यंत मलाच आठवलं नव्हतं. तिला दहा सांगू शकणारं या इमारतीत एकच होतं, ते खालचं पिंप. आणि ते काम चालल्याशिवाय तोंड उघडत नाही."

एका सभासदानं तिन्ही कागद स्वतःकडे ओढून घेतले.

"किल्ली तिघांकडे," ग्वेंडा पुढे म्हणाली. "डुकला दहा माहीत होता, तो खोटं लिहिता तरी दहा लिहिता. बाई रविवारपासून कॅनबेरात. नोंदवही तिथूनही बदलता येते, पण माझ्या दारावरचा कागद वाचता येत नाही. तो मंगळवारी दिवसभर टांगलेला होता आणि बुधवारी सातला कुलपात गेला. राहिला कोण, रोरी? सकाळी तूच मला सांगितलंस की तू तो वाचलास. इतक्या प्रेमानं सांगितलंस की मी विचारायचंच विसरले, हा मला हे का सांगतोय?"

रोरीनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिता परत ठेवला. लोणी वितळलं ते एकदमच.

"माझ्याशिवाय हिला यंत्र चालू तरी करता आलं असतं का? चार महिने मी शिकवलं. प्रत्येक ओळ मी तपासली. पहिला निकाल, आणि त्यावर इथलं नाव नको? मी फक्त पहिलं नाव मागितलं होतं!"

"आणि नाही म्हटल्यावर तिला खोटारडी ठरवून रेणू शांतपणे पुढे तपासणार होतास," ग्वेंडा म्हणाली. "याला आमच्या कत्तलखान्यात वेगळा शब्द आहे. बायका बसल्यात म्हणून बोलत नाही, आणि मीही त्यातलीच एक आहे."

"तुम्ही शिकवलंत," उनाइसी रोरीला म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदा बोलत होती. "ते मी कुणासमोरही सांगेन. पण रेणू मी आणला होता."

रोरी उठून गेला. दार त्यानं अगदी हळू लावलं.

मग खरी लढाई सुरू झाली, जिची ग्वेंडाला कल्पना नव्हती.

"आरोप मागे घेत आहोत," जॅनेलबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "उनाइसी, मी तुझी माफी मागते. निकाल तुझाच. उरलेले तास तुझे, वर आणखी वीस. आणि नोंदवहीतली ती ओळ दुरुस्त करू. डुक, लिही: तांत्रिक कारणामुळे मंगळवारच्या नोंदीत चूक झाली."

डुकनं लॅपटॉप उघडला. ग्वेंडानं सुटकेचा श्वास सोडला. जिंकलो.

"प्रोफेसर," उनाइसी म्हणाली, "चूक झाली नाही. केली."

"हा शब्दांचा प्रश्न आहे, बाळ."

"नाही, प्रोफेसर. पुढच्या वर्षी टोंगाहून नाहीतर सामोआहून कुणी येईल. कुणीतरी ही वही उघडेल. चूक झाली एवढंच दिसेल. मग म्हणतील, मागच्या खेपेला त्या बेटावरच्या बाईच्या वेळीही काहीतरी घोळ झाला होता. तो घोळ माझ्या नावाला चिकटून राहील आणि तिच्याही कपाळी येईल." ती पुढे झुकली. "वीस तास तुमच्याकडेच ठेवा. मला त्या वाक्यात कर्ता हवा."

जॅनेलबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "नाव लिहिलं तर कॅनबेरातून चौकशी येईल. पहिल्याच वर्षी आपल्याच तज्ज्ञानं हे केलं म्हटल्यावर ते ही जागाच बंद करतील. तुला तेच हवंय का?"

"नकोय. पण बंद केलीच, तर का केली तेही याच वहीत लिहा. त्या वाक्यातही कर्ता घाला."

ग्वेंडा खुर्चीत मागे टेकून बसली. दिवसभरात पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की इथं तिची गरज नाही.

"सांग," डुक उनाइसीला म्हणाला. त्यानं जॅनेलबाईंकडे बघितलंही नाही.

उनाइसी सावकाश सांगत गेली, तो टाइप करत गेला. मंगळवारचं काम रद्द झालं नव्हतं. दहा ते बारा यंत्रावर उनाइसी नाइवालू यांचं काम चाललं आणि पूर्ण झालं. वरची ओळ डॉ. रोरी पेनहॅलिगन यांनी नंतर स्वतः लिहिली. ती खोटी आहे.

"संचालकांच्या मंजुरीशिवाय हे जतन होत नाही," डुक म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप टेबलावरून त्यांच्याकडे वळवला.

दोन्ही सभासद आपापल्या वहीत काहीतरी शोधू लागले. जॅनेलबाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. ओळी एकदा वाचल्या, पुन्हा वाचल्या. मग एक बोट पुढे करून त्यांनी पेनहॅलिगनच्या नावाआधीचं 'डॉ.' तेवढं खोडलं, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं, आणि बटण दाबलं.